जुनं पोतं

दोन हजार चोवीस साल, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार — लिही, पोत्यावरच लिही, खडू तिथे वजनकाट्याजवळ पडलाय. माझं अक्षर कोणाला लागत नाही. पोतं आलं की त्याच दिवशी तारीख टाकायची, ही या गिरणीची रीत. कधीपासून म्हणजे? एकोणीस वर्षं झाली. कोंड्याला तेल असतं, किशोरी. आपल्या खाडीच्या हवेत महिन्याभरात वास धरतो, पावसाळ्यात तर पंधरा दिवसही नाही टिकत.

तुझ्या बचत गटाने मशीन आणलंय ना — कोंडा दाबून, भाजून ताटल्या करायचं? तुमच्या गटातली सुचिता सांगत होती. किहीमचे कॉटेजवाले घेणार म्हणे. चांगलं आहे. हसतेस काय, मी पण म्हणतो कधी चांगलं. गव्हाची ताकद सगळी सालीत. माणूस मैदा खातो नि ताकद जाते म्हशीच्या पोटात — मग डॉक्टरकडे जाऊन विचारतो, पोट का साफ होत नाही? धर्माजी आला होता परवा. साखर निघालीय, डॉक्टर म्हणतो पीठ चाळू नका, कोंडा खा. मी म्हटलं, गोठ्यात बस जाऊन, घमेलं आणून देतो. रुसला. रुसू दे. पेणच्या पुढे एक जण याच्यावर अळंबी पिकवतो, कातडं कमावणारेही न्यायचे पूर्वी. टाकाऊ काही नाही यात —

काय म्हणालीस? कोपऱ्यातलं ते? जुनं पोतं, अर्ध्या भावात? खायचं थोडंच आहे, ताटल्याच करायच्यात?

हात लावू नको त्याला. सरक मागे. छप्पर गळलं गणपतीत, भिजलंय ते. खाचरात पुरणार आहे मी. ताटलीत खाऊन झालं की ती कुठे जाते, सांग? वाळूवर. आणि वाळूवर कोण फिरतं? लोकांची गुरं. ताटली वाळली, भाजली, छान दिसली — म्हणून आतली बुरशी गेली असं होत नाही. मला कसं ठाऊक? असंच. गिरणी चालवतो मी, मला ठाऊक असणारच. तू नवीन पोतं घे नि —

बस जरा. त्या डब्यावर बस.

तुमची मोरी म्हैस आठवते? तू नववीत होतीस. जुलैचा तो मोठा पाऊस झाला, इथे कमरेएवढं पाणी. माझी अकरा पोती भिजली. फेकायला हवी होती. जिवावर आलं — नाही, जिवावर नाही, लोक म्हणतील गुणाजीला माल राखता आला नाही, ते नको होतं मला. तो कोंडा माळ्यावर पसरला, वाळवला, नव्या कोंड्यात मिसळला. वास मारून टाकला. तुझी आई, नीराबाई आली, दोन पायली घेऊन गेली. म्हैस गाभण, म्हणून चांगला द्या म्हणाली. मी दिला. वास घेतला होता मी, पोरी. घेतला होता आणि दिला.

आधी गाभ पडला. तिसऱ्या दिवशी म्हैस गेली. तुझी आई अंगणात बसून ओरडत होती, "माज्या मशीला पान लागलं गं!" सगळे म्हणाले, साप डसला. साप कोणी पाहिला? कोणी नाही. मीच म्हणालो पहिल्यांदा, साप असणार. मीच.

दूध बंद झालं, तुझी शाळा बंद झाली. कोळंबी सोलायला जायला लागलीस, बोटं पांढरी पडलेली असायची तुझी. इथूनच जायचीस, गिरणीवरून. मी पट्टा घट्ट करत बसायचो, वर बघायचो नाही. आणि नीराबाई — ती मरेपर्यंत कोंडा माझ्याकडूनच नेत होती. म्हणायची, गुणाजीभाऊंचा माल चोख. दोन वर्षं झाली तिला जाऊन. रोज म्हणायचो, उद्या सांगतो. ती गेल्यावर तर — मग कोणाला सांगायचं? तू कधी विचारलंच नाहीस. तू कशाला विचारशील!

आज ते पोतं मागितलंस म्हणून.

नाही, बोलू नको. शिव्या द्यायच्या असतील तर घरी जाऊन दे, मला ऐकू येईल. ऊठ. मागे गोठ्यात चल. ही बघ. दुसऱ्या वेताची आहे, सातवा महिना चालू आहे. मोरीचा पण सातवाच होता. पाच वर्षांपूर्वी हिची आई आणली तेव्हाच ठरवलं होतं, तिच्या पोटचं तुमच्या दारात बांधायचं. शेपटीकडून जाऊ नको, समोरून ये, कपाळ खाजव. हं.

भाव? भाव विचारू नको. जनावर विकलं की धनी दावं सोडून घेतो, स्वतःकडे ठेवतो — माहीत आहे ना तुला? मग हे बघ. दावं मी सोडत नाही.

धर. दाव्यासकट ने.