पाठीने चालणारा पंप

...अहो, पण पाठीने कधी पंप चालतो का? तुम्हीच सांगा! पाठीने माणूस झोपतो, फार तर बायको बोलायला लागली की तिच्याकडे पाठ करतो... पण पंप? पंप हातानेच चालतो! तुम्हाला सांगतो, एवढी साधी गोष्ट पटवायला मला हायकोर्टात जावं लागलं, आणि तेही पंप पाठीवर घेऊन!

थांबा, नीट सांगतो, नाहीतर म्हणाल नंदकुमारला ऊन लागलं. मी मूळचा सांगलीचा, एअर फोर्समधून रिटायर झालो तो इथंच चंदीगडला, आणि इंडस्ट्रियल एरियात एक शेड घेऊन फवारणीचे पंप करायला लागलो. कधी? तर पंजाबात रोज गोळ्या चालत होत्या तेव्हा! लोक कारखान्यांना कुलपं लावून दिल्लीकडं निघालेले, आणि आमची स्वारी उद्घाटनाला नारळ शोधत हिंडतेय! आमची उल्का म्हणाली, "अहो, सगळे चाललेत ना?" म्हटलं, "म्हणूनच तर शेड मिळाली!" आणि पिकावरची कीड काय कर्फ्यू पाळते होय? पंप खपायला लागले!

त्यात सरकारचा हुकूमच होता, हाताने चालणाऱ्या शेतीच्या अवजारांना कर माफ. आमचा पंप कसा? पाठीवर टाकी, डाव्या हातानं दांडा वरखाली, उजव्या हातात नळी. दोन्ही हात गुंतलेले! आणखी हात आणू कुठून? मी काय देवीची मूर्ती आहे? तेव्हा मी कर लावला नाही, शेतकऱ्याकडून घेतला नाही, वर्षानुवर्षं सगळं सुरळीत...

...आणि एका दुपारी कर खात्याचे अरोरासाहेब आले. माणूस भला हो, चहा घेतला, घरच्यांची चौकशी केली, आणि मग म्हणतात कसे, "नंदकुमारजी, वो जो माफी थी ना, उसका क्लॅरिफिकेशन आया है." काय? तर हाताने चालणारं म्हणजे निव्वळ हातानेच! पाठीचा आधार लागला की ते हाताचं नव्हे!

मी म्हटलं, "बरं बाबा, नियम बदलला, उद्यापासून लावतो कर."

"ना जी ना! बदला कुछ नहीं! बदलाव नहीं, क्लॅरिफिकेशन! मतलब पहले दिन से यही था... बताया आज है!"

म्हणजे पहिल्या पंपापासूनचा कर भर! अहो, पण ते पंप गेले! कुठं मोगा, कुठं भटिंडा... तिथं जाऊन दार वाजवू आणि म्हणू, "सरदारजी, तुमच्या पाठीचा कर राहिलाय"? त्या दिवसांत? अनोळखी माणसानं दार वाजवलं की आतले मागच्या दारानं पळायचे, नाहीतर दार वाजवणाऱ्याला पळावं लागायचं! वर साहेबांचं आपलं एकच... बदल नव्हे, क्लॅरिफिकेशन!

हसताय? हसा. पण कर भरायचा म्हणजे शेड विकायची. बसगाड्या जाळल्या त्या दिवशीसुद्धा चालत कामाला आलेली माझी माणसं, त्यांना काय सांगू? रात्री उल्कानं ताट वाढलं. मग हळूच म्हणाली, "सांगलीला कळवू का, परत येतोय म्हणून?" ते मात्र लागलं हो. तसाच उठलो आणि सोढी वकिलांना गाठलं.

वकील म्हणाले, "पंप कोर्ट में ले आओ जी, जजसाहब खुद देखेंगे." नेला! स्कूटरवर मी, पाठीवर टाकी, खांद्यावरून लोंबणारी पितळी नळी... आणि वाटेत काय? नाका! वाळूची पोती, त्यामागून बंदूक, आणि त्यामागून आवाज, "हाथ ऊपर!"

केले हात वर... नळीसकट!

"नीचे! नीचे! ये क्या है?"

"पंप आहे... है! है!"

"चला के दिखा!"

आता टाकीत दाखवण्यापुरतं पाणी होतं. मारला दांडा, आणि फवारा थेट हवालदाराच्या मिशांवर! मला वाटलं, आटोपलं. उल्का सांगलीला एकटीच जाणार! पण त्यानं शांतपणे तोंड पुसलं आणि मागं वळून ओरडला, "साब! हाथ से चलता है!"

अहो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या! मोठमोठ्या साहेबांना जे कळलं नाही, ते याला भिजल्या भिजल्या कळलं!

तर कोर्ट. खात्याचे वकील सुरू झाले, माय लॉर्ड, बदल नव्हे, क्लॅरिफिकेशन! जजसाहेबांनी पंपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाले, हात की पाठ ते राहू दे. तुम्ही माफी आहे म्हणालात, यानं विश्वास ठेवला. आज अर्थ काढून ती माफी काढून घेताय, तर आजपासून घ्या. मागचं मागू नका.

जिंकलो हो! शेडमध्ये लाडू वाटले, उल्का हसली, आणि मी एक पुडा घेऊन मुद्दाम अरोरासाहेबांकडं गेलो. जरा खिजवावं म्हणून, खोटं कशाला बोलू? तर साहेब तोंड पाडून बसलेले. लाडू हातात घेतला, खाल्ला नाही.

"क्या हुआ जी?"

"यार, खतरे की ड्यूटी का जो भत्ता मिलता था ना... उसका क्लॅरिफिकेशन आया है. चंदीगढ़ में खतरा था ही नहीं! पहले दिन से नहीं था! सब वापस काटेंगे..." आणि मग इकडंतिकडं बघत हळूच, "आपका वकील कौन है?"

काय करणार? स्कूटरवर मागं बसवून नेलं सोढींकडं. आता दर तारखेला आम्ही दोघं कोर्टात एकाच बाकावर बसतो. ते त्यांच्या भत्त्यासाठी, आणि मी? माझ्या निकालावर खात्यानं अपील केलंय ना! खाली सही कुणाची? साहेबांचीच! विचारलं तर मान खाली घालून म्हणतात, "नौकरी है जी..." आणि डबा उघडून अर्धा पराठा माझ्यापुढं करतात. खातो... रागावून तरी कुठं जाऊ, बाक एकच आहे!