पसारा आवरला तेव्हा

डोळ्यांच्या दवाखान्यात मी नंबराची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर एक वयस्कर जोडपं होतं. बाईंनी काळा चष्मा लावला होता.

"निघताना आवरलंत का?"

"आवरलं गं. चपला कपाटात, खुर्च्या टेबलाखाली, तुझी कात्री डाव्या खणात."

"आणि वर्तमानपत्र?"

"तेही घडी घालून ठेवलं. चाळीस वर्षं तू कानीकपाळी ओरडलीस तेव्हा जमलं नाही, आता रोज दहा मिनिटांत होतं बघ."

"डॉक्टर आज काय सांगतील हो?"

"सांगू देत काय ते. उरलेली नजर गेली, तरी घरात तुला ठेच लागणार नाही."

"नाहीच लागली. काल डोळे घट्ट मिटून मी सगळं घर फिरले."

"मग रडत का होतीस? विचारलं तर म्हणे कांदा चिरला."

"घाबरले होते. वाटेत कुठे काही नाही, कसला आवाज नाही. तुम्ही घरात आहात की नाही, तेच कळेना. आधी निदान तुमचा पसारा तरी पायात यायचा."

"अगं, मी खिडकीशीच बसलो होतो."

"मला कसं कळणार?"

तेवढ्यात आतून बाईंच्या नावाचा पुकारा झाला.

"चल, ऊठ. मी तुझ्या डावीकडे आहे. पुढे चार पावलं मोकळी आहेत."

"अहो, हळू बोला. लोक बघत असतील."

"बघू देत. आता दार आलं. मी अजून इथेच आहे."