बारा वेळा हं

(वैद्यकीय महाविद्यालयातली सरावाची खोली. वर्ग सुटला आहे. खाटेवर पेशंटचं सोंग घेतलेले निवृत्त लिफ्टमन, समोर दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आणि तिच्या मॅडम.)

विद्यार्थिनी : पण मॅडम, आजोबांनी होकार दिला होता. अख्ख्या वर्गानं ऐकलंय.

मॅडम : काय म्हणाले ते?

विद्यार्थिनी : मी नव्या औषधाची चाचणी समजावली, धोके सांगितले. दर वाक्याला ते 'हं' म्हणाले. अकरा वेळा.

लिफ्टमन : बारा. एक जांभईत गेला.

मॅडम : आणि तू फॉर्मवर 'संमती आहे' लिहिलंस.

विद्यार्थिनी : मग दुसरं काय लिहिणार? मॅडम, यात नापास केलंत तर सोमवारी मला वॉर्डात घेणार नाहीत. सगळे पुढे जातील, मी इथेच.

मॅडम : वॉर्डातली माणसं सोंग घेत नाहीत, म्हणून तर विचारतेय. आजोबा, होकार दिला होतात?

लिफ्टमन : छे हो. हुंकार दिला होता. डॉक्टरबाई, चाळीस वर्षं लिफ्ट चालवली मी. माणसं वर जाताना दुखणी सांगायची, खाली येताना भांडणं. मी सगळ्यांना हं. त्याला माझी संमती धरली असती, तर आजवर माझी सतरा लग्नं झाली असती आणि एका साहेबाचा खूनही माझ्याच नावावर असता.

विद्यार्थिनी : आजोबा, माझा जीव जातोय आणि तुम्हाला गंमत सुचतेय.

लिफ्टमन : बरं, गंमत राहू द्या. तुम्ही फॉर्म भरत होतात, तेव्हा मी काय सांगत होतो?

विद्यार्थिनी : ते... हृदयाचं काहीतरी.

लिफ्टमन : काहीतरी? म्हटलं, मला दोन हृदयं आहेत. लिफ्ट सातव्या मजल्यावरून सुटली ती थेट तळघरात. जुनं हृदय घसरून पोटात बसलं. वरची जागा रिकामी बघून तिथे नवं उगवलं. तुम्ही म्हणालात, 'हं'.

विद्यार्थिनी : मला वाटलं, तुम्ही फेकताय.

लिफ्टमन : फेकतच होतो. त्याच्यापुढे काय म्हणालो?

विद्यार्थिनी : आठवत नाही.

लिफ्टमन : नवं हृदय जरा नाजूक. मागे एक सुई टोचली, तर ओठ सुजले, श्वास अडकला, दोन दिवस नळ्या लावून ठेवलं. तुम्ही म्हणालात 'हं', आणि पान उलटलंत.

विद्यार्थिनी : ते खरं होतं?

मॅडम : सोंगासाठी त्यांना दिलेल्या कागदावर मी तेवढंच लिहिलं होतं. याच जातीच्या औषधाची ॲलर्जी आहे, पण पेशंट सरळ सांगणार नाही. दोन हृदयं त्यांच्या पदरची.

लिफ्टमन : एवढंसं वाक्य नुसतं कसं वाढायचं माणसापुढे?

विद्यार्थिनी : म्हणजे आजोबा, तुम्ही खरंच वॉर्डात असता, तर...

मॅडम : तर तीच सुई मिळाली असती. खाली तुझी सही.

विद्यार्थिनी : मी एकही मुद्दा गाळला नव्हता, मॅडम. सगळ्या चौकटींत खुणा आहेत.

मॅडम : आहेत ना. अक्षरही छान आहे.

विद्यार्थिनी : म्हणजे सोमवारी नाही.

मॅडम : या सोमवारी नाही. पुढच्याचं तू आणि आजोबा बघा.

विद्यार्थिनी : आजोबा, आत्ता पुन्हा करू या?

लिफ्टमन : हं.

विद्यार्थिनी : ...हं म्हणजे करू या, की नुसतं ऐकलंत?

लिफ्टमन : नुसतं ऐकलं. आज पाठ धरलीय माझी. उद्या दहाला विचारा.