मशीन गावात, मोबाइल चारकोपला

(चारकोप. नंदकिशोर धुरींच्या घरात रविवारची सकाळ. मोठी भावजय द्रौपदी काल गावाहून आली आहे. कुंदा ही नंदकिशोरची बायको.)

नंदकिशोर: तेच तर सांगतोय ना वहिनी, संध्याकाळी आपल्या गावच्या मुंबई मंडळाच्या कार्यक्रमात, बोरीवलीच्या हॉलवर, तुम्हाला फक्त दोन वाक्यं बोलायचीत. 'मुंबई मंडळामुळे आमच्या गावाला गाड्या चार्ज करायचं मशीन मिळालं. आम्ही शेतकरी बायका मंडळाच्या आभारी आहोत.' शाल, नारळ, फोटो. खलास.

द्रौपदी: आणि रातांब्यांचा काय सांगू?

नंदकिशोर: आता हे कोकमाचे रातांबे कुठून आले मधेच?

द्रौपदी: खंयसून येतले? टेंपोभर रातांबे कुसले माझे. बचत गटाच्या बायकांनी काट्याकुट्यातून गोळा केल्ले. बॅटरीची गाडी भरली, मशीनीक लावली, तर मशीन म्हणता ओटीपी घाल. आणि ओटीपी खंय येता? तुमच्या मोबाइलवर. चारकोपाक!

कुंदा: त्या दिवशी आम्ही मुलुंडला साखरपुड्याला होतो, वहिनी. यांचा फोन माझ्या पर्समध्ये. वाजत होता सारखा, पण मला वाटलं लोनवाले.

द्रौपदी: लोनवाली मीच गो. टेंपोचा कर्ज माझ्याच नावावर आसा.

नंदकिशोर: अहो, एक दिवस झालं तसं. एवढं काय?

द्रौपदी: एक दिवस? रोज सकाळी भिकारणीसारखो फोन करी मी तुमका. 'भावजी, उठलात? भावजी, च्या झाली? भावजी, आकडो सांगतात मां?' कधी तुमी आंघोळीक, कधी मिटिंगीत. आमच्या गावात करंट सोडूक मुंबयची परवानगी.

नंदकिशोर: परवानगी कसली, सिस्टीम आहे ती. गावात नेटवर्कचा प्रॉब्लेम, म्हणून इथला नंबर दिला.

द्रौपदी: नेटवर्क नाय, तर मी तुमका फोन कशावरना करी? पिपाणी वाजवून?

कुंदा: घ्या! द्या आता उत्तर.

नंदकिशोर: तू चहा टाक जा.

कुंदा: टाकलाय. उकळतोय.

द्रौपदी: माझो नंबर घाला मशीनीक. तेवढ्यासाठी इलंय मी. तुमच्या शालीसाठी नाय.

नंदकिशोर: असा उठसूट नंबर बदलता येत नाही. मंडळाचा ठराव लागतो. सभा, सूचक, अनुमोदक. मी नुसता खजिनदार आहे, मालक नाही.

द्रौपदी: मशीन देवळाकडे हलवलात, तेवा खंयचो ठराव केल्लात? सरकारान पैसे दिले ते शेतकऱ्यांच्या गाड्यांसाठी. जागा ठरली होती आमच्या शेडीकडे, जंय आमी माल भरतो थंय. आमका कोणी इचारला?

नंदकिशोर: देवळाकडे पार्किंग आहे, वहिनी. गणपतीला पोरं मुंबईहून इलेक्ट्रिक गाड्या घेऊन येतात. तुमच्या शेडजवळ गुडघाभर चिखलात कुठे लावणार त्या? आणि स्पष्टच बोलतो. मशीन मंडळाने आणलंय. सरकारी ऑफिसात चपला कुणी झिजवल्या? मी!

द्रौपदी: आणि अर्जावर नाव कोणाचा घातलात? 'शेतकरी महिला, टेंपोधारक, द्रौपदी धुरी.' चपला तुमच्यो, नाव माझा, आणि करंट कोणाक? तुमच्या सर्वेशच्या गाडीक.

कुंदा: सर्वेशला मधे आणू नका हां वहिनी. पोराने पोटाला चिमटा काढून हप्त्यावर घेतलीय ती गाडी.

द्रौपदी: गाडीबद्दल कोण बोलता? गेल्या गणपतीत त्याची गाडी मशीनीक, तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. माझो टेंपो भाजी भरून उन्हात उभो. मी म्हटलंय, 'बाबू, माका जरा आधी लावूक दी.' तर काय म्हणालो म्हायत आसा? 'काकी, आम्ही चार दिवसांचे पाहुणे. तू काय, कायमचीच इथे आहेस.'

कुंदा: असं म्हणाला?

द्रौपदी: गोड हसान म्हणालो.

नंदकिशोर: पोरं बोलतात काहीतरी. बरं ऐका, पुढच्या सभेत विषय घेतो तुमचा. शब्द देतो. पण आज सगळ्यांसमोर हा राडा नको. आज स्टेजवर योजनेचे साहेब आहेत. पुढच्या आठवड्यात गावात त्यांची तपासणी आहे. शेतीची गाडी चार्ज होताना दिसली की दुसऱ्या मशीनचे पैसे सुटतील.

द्रौपदी: ता दुसरा खंय लावतलात? शेडीकडे?

नंदकिशोर: देवळाच्या नव्या भक्तनिवासाच्या मागे.

कुंदा: अहो!

नंदकिशोर: अहो काय अहो? एसी खोल्या बांधल्यात, तर गाडीवाले येणार ना यार! त्यांना चार्जिंग नको?

द्रौपदी: मगे साहेबांका गाडीवालेच दाखवा. शेतीची गाडी गावात रवाची नाय. टेंपो विकलंय मी. इसार घेतलंय; नंबर मिळालो तर परत दितलंय म्हणान इलंय हंय. उद्या सावंतवाडीचो माणूस न्यूक येतलो.

नंदकिशोर: काय? डोकं फिरलंय का तुमचं? अहो, तपासणीला मी काय दाखवू?

कुंदा: त्यांचं पोट गेलं, आणि तुम्ही विचारताय दाखवू काय?

नंदकिशोर: तू गप गं! वहिनी, त्या माणसाला आत्ता फोन लावा. नाही म्हणून सांगा. इसार मी भरतो.

द्रौपदी: आणि ओटीपी?

नंदकिशोर: बदलतो ना! आत्ता बदलतो, इथे बसून. तुमचा नंबर... हा सेव्ह आहेच. थांबा. सेटिंग... नोंदणी... हां. टाकला. बघा, मेसेज आला?

द्रौपदी: इलो.

नंदकिशोर: आता ओटीपी तुमच्याकडेच. झालं.

द्रौपदी: झाला?

नंदकिशोर: झालं म्हणजे झालं.

द्रौपदी: आणि ठराव? सूचक, अनुमोदक?

कुंदा: सांगा ना. वहिनींचा नंबर घाला म्हटलं की वर्षभर मलाही ठरावाचंच सांगत होतात. आणि आता माझा चहा गॅसवरून उतरायच्या आत झालं.

नंदकिशोर: आता उकरून काढायचं नाही हां. काम झालं ना? टेंपो वाचला ना?

द्रौपदी: वाचलो. पण चलवतलो कोण? गटातली माधुरी चलवी. रातांबे फेकले, तेच्या दुसऱ्या दिवशी ती गोव्याक गेली, हॉटेलात भांडी घासूक. बाकीच्यो तिच्या मागसून. गटात मी एकटी रवलंय, भावजी. आणि माका स्टेरिंग धरूक येणा नाय.

नंदकिशोर: चालवायचाय कुठे, वहिनी? चार माणसं लावून ढकलत आणा आणि मशीनजवळ उभा करा. फोटोपुरता.