पायपुसणं कोण म्हणालं?

मुलांनो, समजा तुम्ही दवाखान्यातल्या बाकावर चिमीशेजारी बसला आहात. पलीकडे दोघी बहिणी विणकाम करत आहेत. धाकटी रुसली आहे.

“ताई, तुझ्या त्या विणकामाच्या ग्रुपमधून मी आजच बाहेर पडते.”

“थांब गं. आधी ग्रुपला नियम करू.”

“ओळखीच्या बायकांत कसले आलेत नियम?”

“तुझ्या स्वेटरच्या फोटोखाली ‘पायपुसणं’ कोणी लिहिलं?”

“तूच.”

“म्हणूनच नियम हवेत. मला दुसरं कोण आवरणार?”

“मग लिही पहिला. आधी ‘बोलू का?’ विचारायचं. हो म्हटलं तरच बोलायचं.”

“लिहिला. आता राहतेस ना?”

“तू पाळलास तर.”

चिमीने ताईंच्या हातातला मोजा निरखून पाहिला. त्याला दोन टाचा होत्या. ती हळूच पुढे सरकली आणि म्हणाली, “बोलू का?”