रविवारची हजेरी

(दुर्ग कोर्टाचं आवार, जेवणाची सुट्टी संपत आलेली, सुनावणी अर्धवट राहिलेली. वकीलबाई प्रेरणा, आणि मुलाच्या, राजदीपच्या, जामिनासाठी आलेले कवडू आणि शालू.)

प्रेरणा : पण काका, तुम्हाला मध्ये बोलायला सांगितलं कोणी?

कवडू : जजसाहेबानं विचारलं, पोराले सुधरवाले काय केलं? मी खरं सांगतलं. पयल्या जमानतीवर सुटला तसाच भंडाऱ्याले आत्याकडं धाडला. इथल्या पोट्ट्यायपासून दूर.

प्रेरणा : जिल्हा सोडायचा नाही ही जामिनाची शर्त होती. तुम्ही तर राज्यच सोडायला लावलंत!

शालू : म्हंजे पोरगं सुधरवाचं तेबी शर्त पाहून?

प्रेरणा : तिकडे चांगला होता, तर परत कशाला यायचा?

कवडू : हजेरीसाठी! दर रविवारी ठाण्यात सही कराची होती ना. गाडीनं येत जाय बिचारा. पकडला त्या दिवशी सही करून निघाला, अन् इथल्या सुपेला चौकात तेच दोस्त उभे. मंग खिशात गोळ्या सापडल्या.

प्रेरणा : नशेच्या. दुसऱ्यांदा. आता साहेब एवढंच विचारतील, सोडलं तर सांभाळाल का? हो म्हणा.

कवडू : हाव म्हनतो.

शालू : कसे म्हनता? तो बाहेर पळू नये म्हून दाराले पाठ लावून कोन बसते? मीच ना? जेलात गेला तवापासून पोरगं पोटभर जेवते तरी. गाल भरले त्याचे.

कवडू : मंग राहू दे म्हनतं? पोटच्या पोराले?

शालू : मी कुठी म्हनलं राहू दे? आना घरी. नोका आनू. मले काहीच समजून नाही राहिलं.

प्रेरणा : राजदीप स्वतः काय म्हणतो?

कवडू : मुलाकातीत म्हने, पापा, जल्दी निकालो.

शालू : मले तं म्हने, मम्मी, अभी मत निकालना.

कवडू : कधी?

शालू : तवाच. तुमी पानी प्याले गेलते.

प्रेरणा : हे आत बोलू नका, काकू. हात जोडते.

कवडू : बाई, तू शिकली हायेस. साहेबाच्या खुर्चीत तू असती तं?

प्रेरणा : खरं सांगू? पुढची तारीख दिली असती.

शालू : पुकारा झाला. राजदीपचंच नाव घेतलं.

प्रेरणा : काका, नुसतं हो म्हणायचं.

कवडू : पोरगा माहाच हाय, एवढं सांगतो साहेबाले. त्याच्या पुढचं साहेबालेच समजत असंल तं मले सांगो म्हना.