दोघींमधली पंचवीस मिनिटं

बाई: ...फोटो उत्तमच आहे, त्याबद्दल वादच नाही. मी विचारतेय ते वेगळं. या दोघी कोण?

मुलगी: मैत्रिणी आहेत, बाई.

बाई: ते दिसतंय. मधल्या सुट्टीत बाकावर बसून इतकं हसतायत, म्हणजे वैरिणी नसणार. कुठल्या वर्गातल्या?

मुलगी: ही हसणारी... पलीकडच्या तुकडीतली. आणि पाठमोरी आहे ती आपल्या शाळेतली नाही.

बाई: आपल्या शाळेतली नाही, आणि अंगात आपल्या शाळेचा स्वेटर?

मुलगी: माझा दिला होता तिला. थंडी वाजत होती.

बाई: भर दुपारी? बाकावर ऊन तर असं पडलंय की पापड वाळावेत.

मुलगी: तिला लवकर वाजते.

बाई: बरं. हे बघ, शुक्रवारी प्रदर्शन आहे. फोटोग्राफीच्या तुमच्या दुसऱ्या पातळीच्या वर्गातून एकच फोटो मी दारासमोरच्या भिंतीवर लावणार, आणि तो तुझा लावावा असं मनात आहे. पण फोटोतल्या माणसांनी हो म्हटल्याशिवाय मला लावता येत नाही. तर उद्या दोघींना घेऊन ये.

मुलगी: दारासमोर? म्हणजे येताजाता सगळे बघतील तिथं?

बाई: मग काय जिन्याखाली लावू? अगं, बाकीच्यांनी काय आणलंय माहितेय? दोन माणसं म्हटल्यावर एकोणीस जणांनी दोन मित्र गळ्यात गळे घालून उभे केलेत, दात काढून. जणू दाताच्या डॉक्टरकडे रांग लागलीय. तुझ्या एकटीच्या फोटोत काहीतरी घडतंय. ही पाठमोरी काहीतरी बोलली आणि त्या दुसरीला हसू फुटलं. असं हसू कुणाला सांगून येत नाही. फक्त एक गोष्ट मला सकाळपासून टोचतेय.

मुलगी: काय?

बाई: केसांनी निम्मा चेहरा झाकलाय, तरी कळतं, ही हसणारी मुलगी हिच्याकडे बघतच नाहीये. हिच्या खांद्यावरून जरा पलीकडे बघतेय. तिकडे कोण होतं?

मुलगी: कुणी नव्हतं.

काका: बाई, साडेचार झाले. कॅमेऱ्यांच्या कपाटाला कुलूप घालू का? अरेच्चा, तिपाईबाई अजून इथंच!

बाई: या काका. तिपाईबाई कोण?

काका: ही काय, तुमच्यासमोर बसलीय ती. रोज मधल्या सुट्टीची घंटा झाली की ही माझ्या खिडकीशी हजर. कॅमेरा द्या आणि ती तीन पायांची तिपाई द्या. बाकीची पोरं तिला हात लावत नाहीत, जड म्हणून. एकानं कॅमेरा धरायचा, दुसऱ्यानं समोर उभं राहायचं, झालं काम. ही मात्र तिच्याशिवाय जात नाही. मी कोडंच रचलंय त्यावर. ऐका:
तीन पायांची सखी माझी, उन्हात उभी राही,
ठेवाल तिथं थांबते, पण बोलायची नाही.

बाई: छान आहे. रोज नेते म्हणालात?

काका: जूनपासून रोज. एक दिवस चुकवला असेल तर पगार कापा माझा.

बाई: अगं, मैत्रिणींचा फोटो काढायला ट्रायपॉड कशाला लागतो?

मुलगी: हात हलतो माझा.

बाई: इतक्या उन्हात हात हलला तरी फोटो हलत नाही, हे तुला दुसऱ्याच आठवड्यात शिकवलंय. इकडे ये, स्क्रीनजवळ. ही हसणाऱ्या मुलीची सावली बघ. फरशीची रेघ ओलांडून चांगली वीतभर पुढे गेलीय. आता पाठमोरीची बघ.

मुलगी: बघितली.

बाई: ती रेघेच्या अलीकडेच आहे, आणि तिरकी वेगळीकडे. बाक एकच, ऊन एकच. सूर्य काय एकीवर थांबला आणि दुसरीवरून पुढे सरकला? या दोघींच्या मध्ये वीसेक मिनिटं आहेत, पोरी.

मुलगी: पंचवीस.

बाई: दोघीही तूच आहेस.

मुलगी: हो.

काका: दोघीही? मला वाटलं, एक तरी खरी असेल.

बाई: काका...

काका: नाही, तसं नाही हो. चांगलं जमवलंय. वेणी घातलीय एकीनं, दुसरीनं केस सोडलेत. मला तर पत्ताच लागला नसता.

बाई: विषय काय दिला होता मी?

मुलगी: दोन माणसं, एक क्लिक. दोघांमधलं नातं दिसलं पाहिजे. दोन फोटो जोडायचे नाहीत.

बाई: पाठ आहे. मग?

मुलगी: एक क्लिक जमलं असतं, बाई. दोन माणसं जमेनात.

बाई: वर्गात वीस मुलं आहेत. कुणालाही म्हणायचं, जरा बस बाकावर.

मुलगी: तुम्हाला सोपं वाटतं. माझी ही चौथी शाळा आहे. बाबा पुलाच्या कामावर असतात. पूल जोडला की आमचं सामान बांधायचं. मी जिथं जाते तिथं सगळ्यांच्या जोड्या आधीच लागलेल्या असतात. पहिल्या शाळेत मी विचारायचे, येऊ का तुमच्यात. दुसऱ्या शाळेतही विचारलं. मग नको वाटायला लागलं.

बाई: इथला पूल कुठवर आलाय?

मुलगी: चार खांब उभे राहिलेत. अजून वर्षभर तरी आहोत.

बाई: वर्षभर म्हणजे थोडं नाही.

मुलगी: शून्य देणार ना तुम्ही?

बाई: जोडलेल्या फोटोला दुसरं काय देऊ? आणि या कामाला शून्य म्हणजे वर्ग पूर्ण नाही, पुढच्या वर्षी तिसरी पातळी नाही.

मुलगी: आणि कॅमेरा?

बाई: तो वर्गातल्या मुलांसाठीच असतो.

मुलगी: बाई, मला नापास करा, पण कॅमेरा काढून घेऊ नका. मार्कांचं मला काही नाही. कॅमेरा हातात असला ना, की एकटी का उभी आहेस असं कुणी विचारत नाही. काम करतेय असं वाटतं लोकांना. चाळीस मिनिटांची सुट्टी असते. नुसतंच उभं राहायला फार मोठी आहे ती.

काका: मला सांगायचं होतंस, पोरी. माझ्या खिडकीशी बसली असतीस.

मुलगी: तुमच्या खिडकीशी बसले असते तर सगळ्यांना कळलंच असतं ना, काका.

बाई: हे काढलंस कसं? टायमर तर दहा सेकंदांचा. दहा सेकंदांत धावत जाऊन असं बसता येत नाही.

मुलगी: मागच्या महिन्यात तुम्ही शिकवलंत ना, दर मिनिटाला आपोआप एक फोटो? तसं लावून ठेवलं. बसायचं, आणि तो काढेल तेव्हा काढेल.

बाई: म्हणजे मंगळवारी पंचवीस मिनिटांत पंचवीस फोटो निघाले असतील. बाकीचे कुठायत?

मुलगी: पुसले असतील.

काका: कुणी पुसले? मी कार्ड पुसत नाही. ज्याचं त्यानं पुसावं, हा माझा नियम. मंगळवारचं हिचं कार्ड तसंच पाकिटात आहे. आणू?

मुलगी: नको, काका.

बाई: आणा.

मुलगी: बाई, नको ना. त्यात काही नाहीये.

बाई: काही नाही तर घाबरतेस कशाला? मला तुझं काम बघायचंय. पंचवीस मिनिटं कुणी उगाच घालवत नाही.

काका: हे घ्या. पाकिटावर तारीखसुद्धा घातलीय.

बाई: हं. हा पहिला, बारा बेचाळीसचा. तू पाठमोरी बसलीस, वेणी घालून. हाच वापरलास. पुढे... वेणी सोडतेस. पुढे... आणि ही कोण?

मुलगी: माहीत नाही.

बाई: तुझ्या शेजारी येऊन बसलीय. हातात संत्रं आहे. पुढच्यात ती सोलतेय. पुढच्यात तुझ्यापुढे फोड धरलीय. घेतलीस?

मुलगी: नाही.

बाई: सात फोटोंत ती बसलीय. काहीतरी बोलतेय. काय म्हणत होती?

मुलगी: तिनं विचारलं, कसला फोटो काढतेस. मी म्हटलं, बाकाचा. मग म्हणाली, बाकात काय आहे एवढं? मग ती बोलतच राहिली, तिचा भाऊ, तिची सायकल. मी सारखी कॅमेऱ्याकडे बघत होते. सावली पुढे चालली होती ना. शेवटी मी म्हटलं, जरा उठशील का, तू फोटोत येतेस.

काका: असं म्हणालीस?

मुलगी: हो.

बाई: आणि ती उठली. इथं तुझ्या शेजारी बाक मोकळा आहे. बारा त्रेपन्न. तू मोकळे केस घेऊन बसलीस. पण हसणारा फोटो तर एक वाजून सात मिनिटांचा. मधे चौदा मिनिटं काय करत होतीस?

मुलगी: हसूच येईना, बाई. पहिल्या फोटोत मी बाकाशी बोलून घेतलं होतं. आता त्याच बोलण्यावर हसायचं होतं. तोंड वाकडं करून बघितलं, दात दाखवून बघितले. ते तुमच्या त्या रांगेसारखं दिसायचं.

बाई: मग एक वाजून सात मिनिटांनी आलं कसं? हा बघ, हाच फोटो, कार्डावरचा, अख्खा. तुझ्याकडून आला तो उजवीकडून कापलेला होता. का कापलास?

मुलगी: कडेला गर्दी होत होती.

बाई: कडेला ती आहे. संत्र्यावाली.



काका: मला बघू दे हो. अरे! हिनं दातांवर संत्र्याची साल बसवलीय. केवढं थोरलं केशरी हसू! अशानं कुणीही हसेल. मी हसतोय इथं उभा राहून.

बाई: गेली नव्हती ती. चौदा मिनिटं फोटोच्या कडेला उभी होती, तू म्हणालीस म्हणून बाहेर राहून. तुला हसू येत नाहीये हे तिला दिसत होतं.

मुलगी: मला माहीत होतं ती तिथं आहे.

बाई: आणि तरी कापलंस?

मुलगी: माझ्या दोघी आधीच ठरल्या होत्या, बाई. एक झाली होती, दुसरी होत होती. ती तिसरी झाली असती.

बाई: अगं वेडे.

मुलगी: आणि मला भीती वाटली. ही जोडलेली मैत्रीण मला सोडून जाणार नाही. बाबांचा पूल झाला तरी माझ्याबरोबरच येईल ती. संत्र्यावाली येणार नाही.

काका: नाही येणार. पण तुझी ती जोडलेली कधी संत्रंही देणार नाही, पोरी.

बाई: हे बघ. हा कापायच्या आधीचा फोटो मी आता नियमाला लावून बघते. माणसं किती? दोन. एक बाकावर, एक अर्धी कडेला. क्लिक एकच. आणि नातं म्हणशील तर, एक हसवतेय, दुसरी हसतेय. तुझी नजर कुठं जात होती हे मला सकाळपासून कळत नव्हतं, ते आत्ता कळलं.

मुलगी: पण बाक अर्धा रिकामा दिसतोय यात.

बाई: दिसतोय.

मुलगी: दारासमोर लागला तर सगळ्यांना दिसेल, मी एकटी बसते ते.

बाई: दिसेल. मी खोटं सांगत नाही. जोडलेला मागे घेतलास, तर उद्यापर्यंत दुसरा देण्याची मुभा मी देते, तेवढं माझ्या हातात आहे. हा दिलास तर पास होशील. कॅमेरा राहील. नाही दिलास तर भिंतीवर तुझं काहीच लागणार नाही, तुला कुणी बघणारही नाही. पाहिजे ते घे. तुझ्यावर जबरदस्ती नाही.

मुलगी: तिला विचारावं लागेल?

बाई: लागेलच.

मुलगी: तिला काय सांगू? की मी तुला उठवलं, मग तुला कापलं, आणि आता भिंतीवर लावायला तू पाहिजेस?

काका: असंच सांग. दातांवर साल लावणारी पोर आहे, रुसणाऱ्यातली नसेल.

मुलगी: रुसली असली तर?

बाई: तर रुसू दे. एवढा हक्क आहे तिचा.

मुलगी: बाई, ही जोडलेली फाइल मीच काढून टाकू? तुमच्या इथून?

बाई: काढ.

मुलगी: निघाली.

काका: आता कुलूप घालू का? घरी चहा गार होतोय माझा.

बाई: घाला. आणि तू उद्या मधल्या सुट्टीत काय करणार आहेस?

मुलगी: बाकावर जाईन. रोज मी मधोमध बसते, म्हणजे शेजारी जागा आहे असं वाटायला नको. उद्या सरकून बसेन.

बाई: आणि ती आलीच नाही तर?

मुलगी: तरी सरकूनच बसेन.